मीटरवरची किटली: मराठवाड्यात स्पोर्ट्स कार सांभाळायची म्हणजे

"भाऊ, मीटरवर चहाची किटली लागायलीय. थांबू का येऊ तसाच?"

मावसभावाचा फोन. मे महिन्यातली दुपार, शहागडचा पूल ओलांडून वडीगोद्रीच्या अलीकडं कुठंतरी. आठच दिवसांपूर्वी पुण्याहून सेकंडहँड आणलेली दोन दारांची टर्बो गाडी, आणि मॅन्युअल डिकीत प्लास्टिकच्या पिशवीतच. मी एकच विचारलं, "किटली लाल का पिवळी?"

"पिवळी."

"मग लिंबाखाली सपाट जागा बघून लाव, बंद कर, दहा मिनिटांनी ऑइल बघ."

लाल म्हणाला असता तर त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. आधी इंजिन बंद, मग बाकीचं बोलणं. ती किटली म्हणजे ऑइलची झारी. पिवळी झारी सांगते की ऑइलची पातळी उतरलीय. लाल झारी सांगते की ऑइलचं प्रेशर गेलंय. पहिल्यात लिटरभर ऑइल घालून माणूस जालन्याला पोचतो. दुसऱ्यात दोन मिनिटं पुढं रेटली तर इंजिनच जातं, आणि त्या खर्चात चांगली नवीकोरी हॅचबॅक येते.

आपल्या भागाला भारी गाड्यांचं नावीन्य राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या तेव्हा सगळ्या देशानं मान वळवून बघितलं होतं. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, वाळूजला बजाजचा. पण तुम्ही जिंतूरला, अहमदपूरला किंवा कळमला राहत असाल आणि गाडी जर्मन असेल, तर तिचं अधिकृत सर्व्हिस सेंटर निम्मा दिवस प्रवासाच्या अंतरावर असू शकतं. नांदेडची मंडळी हैदराबाद गाठतात, लातूरची पुणे. म्हणून पुण्यामुंबईच्या मालकाला जे नाही कळलं तरी चालतं, ते आपल्याला कळावंच लागतं. थांबायचं, हळू न्यायची, का खुशाल जायचं, हे रस्त्याच्या कडेला आपणच ठरवायचं असतं.

चावी दिल्यावर पाच सेकंद

सुरुवात इथून करा. गाडीत बसा, ब्रेक न दाबता स्टार्टचं बटण एकदा (काही गाड्यांत दोनदा) दाबा. चावीची गाडी असेल तर सेल्फ न मारता चावी फिरवा. मीटरवर एकदम दिवाळी होईल. इंजिन, एबीएस, एअरबॅग, झारी, बॅटरी असे बरेचसे दिवे लागतात. ही गाडीची स्वतःची तपासणी असते. यातले बरेचसे थोड्या सेकंदांत आपोआप विझतात. झारी आणि बॅटरी इंजिन सुरू झाल्यावर.

आता मोबाइलवर याचा व्हिडिओ काढून ठेवा. गंमत म्हणून सांगत नाही. विझायचा दिवा विझला नाही तर बिघाड आहे, हे कुणीही ओळखतं. पण लागायचा दिवा लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम मारलेला असू शकतो. सेकंडहँड गाडीत एअरबॅगचा दिवा काळी पट्टी चिकटवून किंवा दुसऱ्या दिव्याला जोडून झाकल्याचे प्रकार होतात. एअरबॅग उघडून गेलेली गाडी तशीच विकायची असेल तर हीच युक्ती. गाडी घ्यायला जाल तेव्हा टायरला लाथ मारून बघण्यापेक्षा ही पाच सेकंदं बघा.

रंगांचा हिशेब

लाल लागला की सुरक्षित जागा बघून थांबायचं. पिवळा लागला की गाडी जपून न्यायची आणि लवकरात लवकर तपासून घ्यायची. हिरवा-निळा नुसती माहिती देतो: इंडिकेटर, अप्पर लाइट, क्रूझ. काही गाड्यांत सकाळी निळा थर्मामीटर दिसतो, म्हणजे इंजिन अजून थंड आहे. त्याला घाबरायचं नाही, मात्र तो असेपर्यंत गाडी ताणायचीही नाही.

चौथी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे लुकलुकणं. तोच दिवा स्थिर असला तर एक अर्थ, उघडझाप करत असला तर दुसरा. खाली तसं जिथं आहे तिथं सांगतोच.

लाल दिवे, आधी झारी

लाल झारी दिसली की गाडी डाव्या बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ढाबा येऊ द्या, पंप येऊ द्या, गाव येऊ द्या, असं नाही. इंजिनातला प्रत्येक बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. प्रेशर गेलं की धातूवर धातू घासतो. ऑइल भरून दिवा गेला तरी लगेच हुरळून जाऊ नका, गाडीखाली वाकून बघा. आपल्याकडं या दिव्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्पीडब्रेकरवर किंवा दगडावर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, आदळून फुटणं. मागं रस्त्यावर काळी रेघ दिसली तर गाडी क्रेननंच न्यायची.

लाल थर्मामीटर किंवा ढळढळीत वर चढलेला काटा: इंजिन तापलंय. बहुतेक गाड्यांत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, साधारण ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान राहतं, आणि कित्येक कंपन्या काटा ९० वर मुद्दाम स्थिर दाखवतात, मालकानं उगाच काळजी करू नये म्हणून. त्याचा उलटा अर्थ लक्षात घ्या. काटा मधून हलला, तर थोडंसं काही झालंय असं नसतं, बरंच काही होऊन गेलेलं असतं. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगानं लावा. मे महिन्यात हीटर लावणं म्हणजे शिक्षाच आहे, पण तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. तेवढ्यात थांबायला जागा शोधा. थांबल्यावर बॉनेट उघडा, पण कूलंटच्या टाकीचं झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. फडकं गुंडाळून उघडणारे बहाद्दर मी पाहिलेत; त्यातल्या एकाच्या हातावरची खूण अजून आहे.

ब्रेकचा लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह: आधी हँडब्रेक ओढलेला तर नाही ना, ते बघा. तो सुटलेला असूनही दिवा असेल तर ब्रेक ऑइल कमी आहे. नुसतं ओतून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की ऑइल आपसूक खाली उतरतं, आणि पॅड शाबूत असतील तर कुठंतरी गळती आहे. पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवायचीच नाही.

बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर बॅटरीपेक्षा संशय तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर किंवा त्याच्या पट्ट्यावर. एसी, गाणी, सीटचे पंखे सगळं बंद करून जवळचं गाव गाठता येतं, पण दिवसा. एक नजर थर्मामीटरवर ठेवा. काही इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. दोन्ही दिवे जोडीनं आले तर पट्टा तुटलाय असं समजून जागेवर थांबा.

पिवळ्यांचा राजा

चेक इंजिन. स्थिर असेल तर गाडी चालते, ताण न देता घरी या. लुकलुकत असेल तर कुठल्यातरी सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही (याला मिसफायर म्हणतात) आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय. तो भाग तापून वितळतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून लुकलुकणारं चेक इंजिन लालच धरायचं.

आता कारणं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न बसल्यापासून सेन्सर मरण्यापर्यंत शेकडो आहेत, म्हणून अंदाज बांधत बसू नका. स्टेअरिंगखाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर हजार-पंधराशेत मिळतो आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये कोड दाखवतो. पी०३०० म्हणजे इकडंतिकडं कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. कोडचा फोटो काढा आणि मगच मेकॅनिकला फोन करा. कोड आधी पुसून टाकायचा नाही. पुसला की दिवा जातो, बिघाड राहतो, आणि मेकॅनिकच्या हातातला पुरावाही जातो.

पण कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. माझंच सांगतो. दिवाळीनंतर गाडी तीन आठवडे वाड्यातल्या शेडमध्ये उभी होती. बाजूच्या खोलीत कापूस, वर माळ्यावर तूर. पहिल्याच दिवशी काढली तर गाडी थरथरतेय, पिवळा दिवा लुकलुकतोय. स्कॅनर म्हणाला पी०३०१. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजला फोन केला, तर गाडी न बघताच त्यांनी पूर्ण वायरिंग बदलायचा अंदाज सांगितला. आकडा इथं लिहीत नाही, घरात अजून माहीत नाही. मग गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकण उचललं आणि हसायलाच लागला. आत कापसाची गादी, तिच्यावर तुरीच्या टरफलांचा ढीग, आणि पहिल्या सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर दातांनी सोलून तुकडा केलेली. उंदरानं संसार थाटला होता. इलेक्ट्रिशियननं वायर डाख देऊन जोडली, वर गरम करून आवळणारी नळी चढवली, सातशे रुपये घेतले.

तेव्हापासून शेडमध्ये धान्य ठेवत नाही आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून आत बघतो. डांबरगोळ्या, तंबाखूची पुडी, फवारे, सगळे उपाय करून झाले. बॉनेट उघडं ठेवून आत उजेड पडू देणं, एवढाच उपाय मला लागू पडलेला दिसतो.

बाकीचे पिवळे थोडक्यात. घोड्याच्या नालेसारख्या चिन्हात उद्गारचिन्ह म्हणजे टायरची हवा कमी. चालू केल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहिला तर सेन्सर मेलाय किंवा त्या यंत्रणेतच बिघाड आहे. मागं नागमोडी खुणा असलेली गाडी म्हणजे घसरण आवरणारी यंत्रणा. निसरड्यावर ती लुकलुकली तर तिचं काम चाललंय, एरवी स्थिर राहिली तर बिघाड आहे किंवा तुम्ही चुकून बंद केलीय. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांची काळी माती डांबरावर पसरते आणि वर बुरबुर पडली की साबण होतो. अशा दिवसांत ही यंत्रणा बटणानं बंद करून मर्दुमकी दाखवू नका. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर अजिबात नाही.

दातेरी चक्रात उद्गारचिन्ह म्हणजे गिअरबॉक्स. डबल क्लचवाल्या, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांना मुंगीच्या चालीची गर्दी सोसत नाही. तुळजापूरला नवरात्रात किंवा पैठणला षष्ठीला गाडी घेऊन जाल, इंच इंच पुढं सरकाल, तर क्लच तापून हा दिवा येईल. पुढच्या गाडीला दोन गाड्यांएवढं अंतर जाऊ द्या आणि मग एकदम पुढं घ्या. चढावर अ‍ॅक्सिलेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक वापरा. दिवा आलाच तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये वीस मिनिटं.

रविवारची पंधरा मिनिटं

पुस्तकात किलोमीटरांचे टप्पे दिलेले असतात. आपल्याकडं ही गाडी वर्षाला चार हजारसुद्धा चालत नाही, म्हणून लोक समजतात की सर्व्हिसला अवकाश आहे. उभ्या गाडीचंही वय वाढतं, आणि ४३ अंशांत पत्र्याच्या शेडखाली तर भराभर. वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच, किलोमीटर कितीही असोत. पुस्तकात १५ हजार लिहिलं असलं तरी टर्बो गाडीला मी साडेसात-आठ हजारांच्या पुढं जाऊ देत नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं आणि मान्यतेचं घ्यायचं. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा गरम इंजिनातला घट्टपणा. "आपल्याकडं ऊन लई, जाडच घाला" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ट्रॅक्टरच्या बाबतीत बरोबर असेल.

ऑइल तपासायचं ते इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, सपाट जागेवर. दांडी पुसून पुन्हा घालून बघायची. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं, म्हणजे खालच्या खुणेवर असेल तर लिटरभर लागेल. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं ऑइलही त्रासच देतं. काही नव्या गाड्यांना दांडीच नसते, पडद्यावर बघावं लागतं. जोरदार टर्बो इंजिनं थोडं ऑइल पितातच, म्हणून दर हजार किलोमीटरला बघायचं आणि त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवायचा. भावाला त्या दिवशी वडीगोद्रीत त्याच्या ग्रेडचं ऑइल मिळालं नाही. अंबडहून एकानं मोटरसायकलवर आणून दिलं.

कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी घालायचं नाही. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं. घागरीच्या बुडाला जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. अगदी नडलंच तर बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घाला, ते तालुक्याच्या कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. रंग जुळला म्हणून वेगळ्या कंपनीचं कूलंट मिसळू नका. रंग हा काही प्रमाण नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, मग गाडी चाललेली असो-नसो. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांवर उकळायला हवं असं मानक आहे. ओल शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. घाटात सारखा ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं.

बॅटरी थंडीनं मरते हे सिनेमात. आपल्याकडं ती उन्हानं मरते. शिवाय या गाड्या उभ्या असतानाही अलार्म, चावीचा रिसीव्हर असं काहीबाही चालू असतं. इंजिन बंद करून काही तासांनी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. तीन-चार आठवडे गाडी काढणार नसाल तर चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर लावून ठेवा. बॅटरी उतरली की आधी भलतेसलते दिवे लागतात: एबीएस, स्टेअरिंग, गिअर, सगळे एकदम. दहा दिवे एकाच वेळी लागले तर दहा बिघाड शोधू नका, व्होल्ट मोजा.

पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर ९५ किंवा ९८ लिहिलं असेल तर तो किमान ऑक्टेन आहे, म्हणजे पेट्रोलच्या प्रतीचा आकडा. तेवढ्या ऑक्टेनचं पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही. निघण्यापूर्वी तसा पंप कुठं आहे ते बघा आणि नाइलाजानं कमी ऑक्टेनचं भरावं लागलंच तर तेवढ्या टाकीपुरती गाडी ताणू नका. त्याच स्टिकरवर ई१० का ई२०, म्हणजे पेट्रोलमध्ये किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, तेही असतं. जुन्या आयात गाड्यांत ई२० पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवू नका. इथेनॉल ओल धरतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं. थोडी का होईना, गाडी चालवत राहा.

काचेखालची जाळी, म्हणजे वायपरच्या बुडाशी जिथं पानं साचतात ती जागा, रविवारी हातानं साफ करा. आपण सावली म्हणून गाडी कडुलिंबाखाली लावतो. ती बारीक पानं तिथली पाण्याची भोकं बुजवतात, जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत पायाशी उतरतं, आणि कित्येक गाड्यांत नेमके तिथंच इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतात.

टायर

यावर जरा थांबतो. टायरवर २२५/४० आर१८ असं लिहिलेलं असेल तर २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, आणि ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के उंचीची भिंत: ९० मिलिमीटर. साध्या गाडीच्या १८५/६५ च्या टायरला तीच भिंत १२० मिलिमीटरची असते. ती तीन सेंटिमीटरची उशी तुमच्याकडं नाही. म्हणून ज्या खड्ड्यातून शेजाऱ्याची गाडी नुसती दणका खाऊन जाते, त्यात तुमच्या टायरला बाजूनं फुगा येतो नाहीतर अ‍ॅलॉय वाकतं. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा थंड टायरचा असतो. चालल्यावर आणि उन्हात ती चार-सहा पीएसआयनं वाढते. वाढलेली बघून पंपावर हवा कमी करायला लावू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर जोरात पळताना भिंतीत दुमडून दुमडून तापतो. समृद्धी महामार्गावर हे जास्त लक्षात ठेवायचं. तिथं कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा, दुपारी तापलेला, आणि तास-तास वेग उतरत नाही. जालन्याच्या किंवा सावंगीच्या इंटरचेंजवर चढण्याआधी चारही चाकं बघून घ्या.

टायरच्या भिंतीवर चार आकड्यांची तारीख कोरलेली असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाच भरपूर आहे म्हणून सहा-सात वर्षांचा टायर ठेवू नका, उन्हानं रबर कडक होतं. खाच १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानंही टायर संपला.

इथल्या रस्त्याच्या सवयी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा निवांत चढउताराचा असतो. गावानं वर्गणी काढून केलेला तसा नसतो. तो सरळ घेऊ नका. गाडी तिरपी करा, एक चाक आधी चढू द्या, मग दुसरं, आणि नाक उतरेपर्यंत घाई नको. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोच, वाजवू द्या.

कापसाच्या दिवसांत परभणी, सेलू, मानवत भागातल्या रस्त्यांवर कापूस भरलेल्या गाड्या जातात आणि बाभळी पांढऱ्या होतात. तोच कापूस गाडीच्या जाळीतून आत ओढला जाऊन एसीच्या कंडेन्सरवर, इंटरकूलरवर आणि रेडिएटरवर फेल्टसारखा बसतो. एसी कमी थंड वाटला की गॅस भरून घेण्याआधी टॉर्च मारून बघा. मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्याच्या धारेनं काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती वाकतात. एअर फिल्टरही पुस्तकापेक्षा निम्म्या अंतरात बदला.

ऊसतोडीच्या हंगामात रात्रीचा प्रवास शक्यतो टाळा. दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरवर ऊस लोंबतोय. तुम्ही जमिनीलगत बसलेले, त्यात समोरच्याचा अप्पर थेट डोळ्यांत. इथं कुठलाच मीटरचा दिवा कामाचा नाही.

आणि जोरात पळवून आल्यावर घराच्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत गाडी हळू आणा, म्हणजे टर्बो निवतो. आल्या आल्या चाकांवर गार पाण्याचा पाइप धरू नका, डिस्क तापलेल्या असतात.

अडकलात तर

दोर बांधून ओढायची नाही. ऑटोमॅटिक आणि चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा गिअरबॉक्स तसा ओढताना खराब होतो. सपाट पाठीची क्रेन मागवा आणि फोनवरच सांगा की गाडी बुटकी, जमिनीलगतची आहे, लाकडी फळ्या घेऊन ये. गाडी चढवताना ओढायचा हुक टूलकिटमध्ये असतो, तो बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यांत बसवायचा. विमा घेताना रोडसाइड असिस्टन्स तुमच्या तालुक्यापर्यंत येतो का, ते विचारून लेखी घ्या.

अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते. पंक्चरचं औषध आणि छोटा कंप्रेसर असतो. त्या बाटलीलाही एक्स्पायरी असते, बघून घ्या. रन-फ्लॅट टायर असतील तर हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० च्या आत, ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडं गेलात तर दोऱ्याचं काम तात्पुरतं धरा, नंतर आतून मशरूम पॅच लावून घ्या. भिंतीतलं पंक्चर कुणी काढून देतो म्हणाला तरी काढून घेऊ नका.

आणि चाकाला हात लावण्याआधी लॉक नटची चावी शोधा. चारही चाकांना एकेक वेगळ्या खाचेचा बोल्ट असतो, चोरी होऊ नये म्हणून. तो उघडणारा अंगठ्याएवढा तुकडा नसेल तर चाक निघत नाही. भावाच्या गाडीचं पहिलं पंक्चर गेवराईत झालं तेव्हा हे कळलं. ग्लोव्ह बॉक्स, डिकी, सीटखाली, सगळीकडं बघितलं. शेवटी पुण्यातल्या जुन्या मालकाला फोन. त्यांच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होता. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आणि पहाटे साडेपाचला बायपासवर भाऊ चहाचा ग्लास हातात धरून बसची वाट बघत उभा होता. आता तो तुकडा लाल दोऱ्यानं गाडीच्या चावीलाच बांधलेला आहे.